दुभाष्याची फजिती

लहान मुलांना चित्रपट दाखवावेत की नाहीत, दाखविल्यास कोणते व किती वेळ, याविषयी विद्वान आणि अविद्वान अशा दोन्ही वर्गांत पुष्कळ मतभेद आहेत. त्या वादात पडण्याचा आमचा मुळीच विचार नाही. कारण ज्या दिवशी आम्ही आमच्या साडेचार वर्षांच्या नातीस घेऊन एक चित्रपट पाहावयास बसलो, त्या दिवशी आमचा हेतू तिच्या शिक्षणाचा नव्हता आणि, खरे सांगावयाचे तर, तिच्या मनोरंजनाचाही नव्हता. टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडला होता, बाहेर आषाढातला पाऊस धरून राहिला होता, आणि एकच प्रश्न सकाळपासून सातव्यांदा आमच्या कानावर आला होता : “आबा, आई कधी येणार?”

या प्रश्नाचे उत्तर आम्ही अकरा दिवसांपूर्वीच देऊन बसलो होतो. आमच्या कन्येस पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात ठेवावे लागले होते. पाच दिवसांत घरी जाता येईल असे डॉक्टरांनी सांगितले होते. पाच दिवसांसाठी एवढ्याशा जिवाला घोर कशाला लावावा, असा विचार करून आम्ही, आमच्या सौभाग्यवतींनी व जावईबापूंनी एकमताने ठराव केला की चिऊची आई कचेरीच्या कामासाठी मुंबईस गेली आहे. (नातीचे पाळण्यातले नाव मोठे व भारदस्त आहे, परंतु घरात तिला चिऊच म्हणतात.) पुढे जखमेत पू झाला, ताप येऊ लागला, पाचाचे अकरा दिवस झाले, आणि मुंबईचे काम काही केल्या संपेना. असत्याचा एक मोठा दोष असा की त्याला रोज नवे खाद्य लागते. मुंबईस पाऊस फार झाला, गाड्या बंद पडल्या, साहेबांनी रजा दिली नाही, अशी एकेक समिधा आम्ही त्या होमात टाकीत होतो. तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसाला एवढी कल्पकता असावयाचीच, असे आम्ही मनाशी म्हणत होतो.

त्या दिवशी कल्पकता आटली, म्हणून आम्ही चित्रपटाचा आश्रय घेतला. आमच्या एका विद्यार्थ्याने तो सुचविला होता. जपानी चित्रकार व दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर टोटोरो’ हा तो हाताने रेखाटलेला चित्रपट. १९८८ सालच्या एप्रिलात तो जपानात प्रथम दाखविला गेला. लांबी अवघी ८६ मिनिटे. तेवढ्या वेळात आमच्या दहा उत्तरपत्रिका हातावेगळ्या होतील, असा आम्ही हिशेब केला. अडचण एकच निघाली. भाषण जपानी, आणि खाली पाट्या इंग्रजी. चिऊला अद्याप अक्षरओळख नाही. तेव्हा आम्ही पाट्या वाचून तिला मराठीत सांगाव्यात असे ठरले. उत्तरपत्रिका बाजूस राहिल्या आणि आम्ही दुभाषी झालो.

चित्रपटाची कथा चार ओळींत सांगता येईल. १९५० नंतरच्या दशकातील जपान. एक बाप आपल्या दोन मुलींना घेऊन टोकियोजवळच्या एका खेड्यात जुन्या, मोडकळीस आलेल्या घरात राहावयास येतो. थोरली सात्सुकी दहाएक वर्षांची आणि धाकटी मेई चार वर्षांची. घराशेजारी डोंगराएवढे दिसणारे एक कापराचे झाड आहे, आणि त्याच्या ढोलीत टोटोरो नावाचा एक प्रचंड, केसाळ, मांजर म्हणावे की घुबड म्हणावे असा वनवासी प्राणी झोपलेला आहे. तो मुलांनाच दिसतो, मोठ्यांना दिसत नाही. कथेत दुष्ट कोणी नाही, लढाई नाही, खजिना नाही. मात्र मुलींची आई घरात नाही. ती कुठे आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते, कारण ज्या विद्यार्थ्याने चित्रपट सुचविला त्याने तेवढेच नेमके सांगितले नव्हते.

पहिली पंधरा मिनिटे आमचे दुभाषीपण निर्वेध चालले. सामानाने लादलेली मोटार खेड्यात शिरली, मुली घरभर धावल्या, माळ्यावरच्या अंधारात काजळीचे गोळे डोळे मिचकावून सैरावैरा पळाले. चिऊने आमची बाही घट्ट धरली, पण दृष्टी काढली नाही. ते गोळे खरे आहेत का, असे तिने विचारले नाही. ते काय खातात, असे विचारले. आम्ही पाटी पाहिली. पाटीत काही उत्तर नव्हते. “धूळ खात असतील,” असे आम्ही पदरचे सांगितले. तिला ते पटले.

वर्गात आम्ही दरवर्षी कोलरिजचा एक सिद्धान्त शिकवितो. १८१७ साली त्याने असे प्रतिपादिले की काव्य वाचताना वाचक आपली अश्रद्धा आपण होऊन क्षणभर दूर ठेवतो, आणि काव्यावरची श्रद्धा ती हीच. आमच्याकडे न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात वाङ्मयानंदाला ‘सविकल्प समाधी’ म्हटले. म्हणजे वाचक परकाया प्रवेशही करतो आणि आपले भानही सोडीत नाही. दोन्ही मते आम्हांस मान्य आहेत व दोन्हींवर आम्ही प्रश्नपत्रिकांत प्रश्न घातले आहेत. परंतु त्या दिवशी शेजारी बसलेल्या प्रेक्षकाकडे पाहून आमच्या मनात आले की दूर ठेवावयाला अश्रद्धा मुळात जवळ तर असली पाहिजे! चिऊपाशी ती नव्हतीच. काजळीच्या गोळ्यांना जीव असावा यात तिला नवल काहीच वाटले नाही. तिची अश्रद्धा सगळी शिल्लक होती, आणि ती कोणासाठी राखून ठेवली होती हे आम्हांस लवकरच कळावयाचे होते.

“हिची आई कुठंय?” तिने विचारले.

“कामाला गेली असेल,” आम्ही म्हणालो.

इतक्यात पडद्यावर बाप आणि दोन्ही मुली एकाच सायकलवर बसून, शेते व पाणवठे ओलांडून, एका लांबट इमारतीपाशी आल्या. आतल्या खोलीत ओळीने खाटा. एका खाटेवर आई उशाला टेकून बसलेली. पाटीत इस्पितळ हा शब्द स्पष्ट होता. आमची छाती धडधडू लागली. भारतीय युद्धात द्रोणाचार्यांपुढे उभे राहिलेल्या धर्मराजाची स्थिती काय झाली असेल, हे आम्हांस त्या क्षणी चांगले समजले. त्याने निदान ‘नरो वा कुंजरो वा’ एवढे तरी पुटपुटले होते. आम्ही ढळढळीत सांगितले, “त्या मुलींची आई मामाच्या घरी आली आहे.”

चिऊ काही क्षण पडद्याकडे पाहत राहिली. मग तिने शांतपणे विचारले, “मामाच्या घरी एवढ्या कॉट?”

वाचकहो, आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनात आम्हांस बुद्धिमान विद्यार्थी पुष्कळ भेटले. परंतु भाषांतरावर इतके मार्मिक टीकाशास्त्र कोणी सांगितले नव्हते. आम्ही पाटी वाचीत होतो, ती चित्र पाहत होती. साक्षर मनुष्याची दृष्टी पडद्याच्या तळाशी अक्षरांत अडकलेली असते. वरचे तीन चतुर्थांश चित्र निरक्षराच्या वाट्याला येते. आम्हांस दिसले नव्हते ते तिने पाहिले होते. तिने खाटा मोजल्या होत्या, आणि आईच्या अंगावर घरातली साडी किंवा झगा नसून निजावयाचे कपडे आहेत हेही हेरले होते. आम्ही “मामाचे घर मोठे असेल” असे काहीतरी बोललो. तिने उत्तर दिले नाही. पडद्यावर आई थोरल्या मुलीचे केस विंचरीत होती. चिऊचा हात नकळत स्वतःच्या केसांकडे गेला. तिची वेणी गेले अकरा दिवस आजी घालीत होती, आणि ती रोज वाकडी होत होती.

पुढच्या प्रसंगी मेई एकटीच झुडपांच्या बोगद्यातून रांगत जाते आणि त्या झाडाच्या ढोलीत, झोपलेल्या टोटोरोच्या पोटावर जाऊन पडते. इथे चिऊ खळखळून हसली. पण त्या प्रसंगाचा शेवट आमच्या अधिक जिव्हारी लागला. मेई घरी येऊन सांगते, दाखवावयास जाते, आणि वाट सापडत नाही. बाप आणि बहीण हसतात. त्या पोरीचा चेहरा असा पडतो की पाहवत नाही. आपण खोटे बोललो नाही, असे ती पुनःपुन्हा सांगते. तेव्हा तो बाप हसणे थांबवितो, तू खोटे बोलत आहेस असे मला वाटत नाही असे तिला सांगतो, आणि दोघींना घेऊन त्या झाडापुढे जाऊन लवून नमस्कार करतो. हा बाप विद्यापीठात शिकविणारा आहे. टोटोरो त्याला दिसलेला नाही, पुढेही दिसत नाही. तरी मुलीचा शब्द तो प्रमाण मानतो. शिकविण्याचाच धंदा करणारे आम्ही, हातात इंग्रजी पाट्यांचा पुरावा असताना, नातीला सरळ शब्द देऊ शकलो नव्हतो.

इथे एक भेद आमच्या ध्यानात आला, तो वाचकांपुढे ठेवतो. कल्पित आणि खोटे या दोन गोष्टी आपण एकाच कपाटात ठेवतो. दोन्ही घडलेल्या नसतात एवढ्यावरून त्यांना सख्ख्या बहिणी समजतो. वस्तुतः त्यांचे गोत्र निराळे आहे. कल्पितात सांगणारा व ऐकणारा दोघेही एका बाजूस असतात; खोट्यात ते समोरासमोर असतात. दादासाहेब फाळके यांनी १९१९ साली ‘कालियामर्दन’ काढला तेव्हा बाळकृष्ण त्यांची मुलगी मंदाकिनी झाली होती. त्या चित्रपटाच्या आरंभी फाळक्यांनी ती मुलगी मुलगी म्हणूनच दाखविली आहे. ती निरनिराळे हावभाव करते, आणि मग तिच्या जागी मुकुटधारी कृष्ण दिसू लागतो. ही आमची पोर आहे हे आधी उघड सांगून मग तिला देव करणारा तो मनुष्य प्रेक्षकांस फसवीत नव्हता, आणि त्यामुळे कृष्णाचे तेज रतीभरही उणे झाले नाही. आम्ही मात्र मुंबईचा पाऊस रंगविला तो चिऊला बाहेर ठेवण्यासाठी.

मधला एक प्रसंग या चित्रपटाचे हृदय म्हणून प्रसिद्ध आहे. रात्र, रानातला मोटारीचा थांबा, पाऊस. बापाची गाडी यावयास उशीर झालेला. मेई बहिणीच्या पाठीवर झोपी गेली आहे. शेजारी येऊन कोण उभे राहते, तर डोक्यावर एक पान ठेवलेला टोटोरो. सात्सुकी बापासाठी आणलेली छत्री त्याला देते. छत्रीवर थेंब टपटपतात ते त्याला एवढे आवडतात की तो एकदाच जोराने उडी मारतो आणि भोवतालच्या झाडांवरचे सारे पाणी एकदम कोसळते. कित्येक मिनिटे जवळजवळ बोलणे नाही, म्हणून दुभाष्यालाही काम नव्हते. आम्ही दोघे गप्प बसून वाट पाहत होतो. वाट पाहणे म्हणजे काय, हे चिऊला आमच्यापेक्षा अधिक कळत होते. अकरा दिवस ती तेच करीत होती. बाहेर आमच्या पन्हाळीतून पाणी वाहत होते. तिने पडद्यावरचा पाऊस आणि खिडकीतला पाऊस आळीपाळीने पाहिला, आणि आमच्या मांडीवर येऊन बसली.

मग तार आली. इस्पितळातून आलेली तार, वडील शहरात, घरात दोन मुलीच. आई शनिवारी घरी यावयाची होती. तिला थोडी सर्दी झाली म्हणून येणे लांबले. मोठ्या माणसांच्या दृष्टीने एवढीच गोष्ट. परंतु थोरल्या मुलीला असलेच आश्वासन पूर्वी एकदा मिळालेले आहे. तिचा धीर सुटतो. आधी ती धाकटीवर ओरडते आणि मग शेजारच्या म्हातारीपुढे हंबरडा फोडते. आई गेली तर काय करू, असे ती विचारते. आमची जीभ टाळ्याला चिकटली. पाटी येऊन गेली, दुसरी आली, तीही गेली.

“आबा, काय म्हणाली ती?”

आम्ही गप्प.

“आबा, खरं सांग.”

आम्ही चित्र थांबविले. सात्सुकी तोंड उघडून, डोळे मिटून रडत होती ती तशीच पडद्यावर स्थिर राहिली. आम्ही म्हणालो, “ती म्हणते, माझी आई बरी झाली नाही तर?”

“म्हणजे ती दवाखान्यात आहे.”

“हो.”

“माझी आई पण दवाखान्यात आहे.” या वाक्यात प्रश्नचिन्ह नव्हते. आम्ही विचारले, तुला कोणी सांगितले? तेव्हा तिने जे उत्तर दिले ते ऐकून स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती दारात येऊन उभ्या राहिल्या. चिऊ म्हणाली, “बाबा रोज डबा घेऊन जातो. मुंबईला कुणी डबा नेतं का?”

अकरा दिवस सकाळ-संध्याकाळ त्या घरात मऊ भात आणि मुगाचे वरण शिजत होते, डब्यात भरले जात होते, आणि ती ओट्याशी उभी राहून पाहत होती. तिला सर्व ठाऊक होते. ठाऊक नसल्याचे सोंग करून ती आम्हांसच सांभाळून घेत होती. आपल्याला नेमके काय झाले आहे हे घरातील मोठी माणसे बोलत नाहीत, त्याअर्थी ते फार भयंकर असले पाहिजे, एवढे अनुमान साडेचार वर्षांच्या बुद्धीला सहज करता येते. आम्ही तिच्या मनावरचा भार हलका करावयास निघालो होतो आणि तिला तो एकटीने वाहावयास लावला होता. “आई मरणार का?” असे तिने पुढे विचारले. आम्ही तिला झाले ते सगळे सांगितले. पोटात दुखत होते, डॉक्टरांनी कापून दुखणे काढले, जखम चिघळली म्हणून औषध चालू आहे, कालपासून ताप उतरला आहे, डॉक्टर म्हणतात बरी होईल. “नक्की?” तिने विचारले. “डॉक्टरांना तसे वाटते. आम्हांलाही तसेच वाटते,” असे आम्ही म्हणालो. नक्की हा शब्द आम्ही उच्चारला नाही. त्या दिवशी तो उच्चारण्याचा अधिकार आम्ही गमावला होता.

ती थोडी रडली. आजीने तिला जवळ घेतले. मग डोळे पुसून ती म्हणाली, “आता पुढचं लाव.”

पुढे मेई आईला देण्यासाठी मक्याचे कणीस उराशी धरून एकटीच इस्पितळाच्या वाटेला लागते आणि वाट चुकते. ती थकून बसते ती दगडी मूर्तींच्या एका रांगेपाशी. या मूर्ती जिझोच्या. जपानात तो मुलांचा व वाटसरूंचा रक्षक. त्याचे मूळ संस्कृत नाव क्षितिगर्भ, आणि तो बौद्ध धर्माबरोबर आपल्याच देशातून निघून चीनमार्गे तिकडे पोचला. जपानी प्रेक्षकाला त्या मूर्ती दिसताच मुलगी सुखरूप आहे असा दिलासा मिळत असेल. आमच्या चिऊला क्षितिगर्भ ठाऊक नाही; पण मूर्ती पाहून ती “देव आहे तिथं” असे म्हणाली आणि तिचा श्वास खाली बसला. शेवटी टोटोरोने धाडलेली बारा पायांची मांजर-मोटार सात्सुकीला मेईपाशी, आणि दोघींना इस्पितळाच्या खिडकीबाहेरील झाडावर नेऊन पोचविते. आत आईबाप हसत बोलत आहेत. मुली फांदीवर बसून पाहतात, कणीस खिडकीत ठेवतात, आणि परत जातात. टोटोरो आईला बरे करीत नाही. तो औषध देत नाही, वरही देत नाही. मुलींना तो आई दिसेल एवढ्या अंतरावर नेतो, आणि तिथे त्याचे काम संपते. चित्रपटात जादू इतकी आहे, पण जादूने काय होत नाही हेही त्या मनुष्याने इतक्या प्रामाणिकपणे दाखविले आहे. मियाझाकी लहान असताना त्यांची स्वतःची आई पाठीच्या कण्याच्या क्षयाने कित्येक वर्षे आजारी होती, हे आम्ही मागाहून वाचले. तसेच हेही वाचले की १९८८ साली हा चित्रपट एकाच खेळात ताकाहाता यांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’बरोबर दाखविला जात असे, आणि त्यातील दोन भावंडांची आई १९४५च्या बाँबवर्षावात दगावते. एकाच तिकिटात मुलांनी दोन्ही पाहावे, असे मानणारी ती मंडळी मुलांना आमच्यापेक्षा अधिक ओळखत असली पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही चिऊला घेऊन इस्पितळात गेलो. बारा वर्षांखालील मुलांना आत सोडीत नाहीत असा तेथील नियम होता, आणि पहारेकरी नियमाचा पक्का होता. तेव्हा जावईबापूंना वर पाठवून आम्ही दोघे आवारातील पिंपळाच्या पारावर उभे राहिलो. पाऊस नुकताच थांबला होता. काही वेळाने दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि भिंतीला धरून आमची मुलगी तिथे उभी राहिली. बारा दिवसांत ती फार वाळली होती. चिऊने हात हलविला नाही, हाक मारली नाही. ती नुसती पाहत राहिली, चित्रपट पाहत होती तशीच, एकही गोष्ट सुटू न देता. मग ती म्हणाली, “आबा, तिनं वेणी नाही घातली.” आणि थोड्या वेळाने, “पण हसली.” वाऱ्याची झुळूक आली, पिंपळावरचे सारे पाणी एकदम आमच्या अंगावर कोसळले, आणि मग मात्र ती वर पाहून मोठ्याने हसली. वरच्या खिडकीतूनही हसणे ऐकू आल्यासारखे आम्हांस वाटले.

आमची मुलगी पुढे नऊ दिवसांनी घरी आली व आता हिंडतीफिरती आहे. उत्तरपत्रिका आम्ही मुदतीनंतर दोन दिवसांनी परत केल्या आणि त्याबद्दल वरून विचारणा झाली, तिचे उत्तर आम्ही खरे तेच लिहिले. एक देणे मात्र अद्याप फिटलेले नाही. आम्ही बाहेर जावयास निघालो की चिऊ दारात येते. कुठे, असे विचारते. कॉलेजात, असे आम्ही सांगतो. पूर्वी ती एवढ्यावर उड्या मारीत परत जात असे. हल्ली ती क्षणभर थांबते, आमच्या तोंडाकडे नीट पाहते, आणि विचारते, “खरं ना, आबा?”

टोटोरोविषयी तिने हा प्रश्न कधीही विचारलेला नाही.